थीफ ऑफ बगदाद, द

अद्भुतरम्य साहसकथेवर आधारलेला प्रसिद्ध ब्रिटिश रंगीत बोलपट (१९४०). निर्माते अलेक्झांडर कोर्डा (१८९३–१९५६). निर्मितिसंस्था लंडन फिल्म्स. श्रेयनामावलीत लूटव्हिख बेर्गर, मायकेल पॉवेल व टिम व्हीलन या तिघांचा दिग्दर्शक म्हणून निर्देश आहे. तथापि स्वतः अलेक्झांडर, त्यांचे बंधू झोल्टन कोर्डा आणि विल्यम कॅमरन मेंझीझ यांनीही काही भागांचे दिग्दर्शन केले. कथा लॉयोश बिरो यांची, पटकथा व संवाद माइल्स मॅलसन यांचे, छायालेखन झॉर्झ पेरिनाल यांचे, नेपथ्य तिसरे कोर्डा बंधू व्हिन्सेंट यांचे आणि संगीत मिक्लोश रोझा यांचे. प्रमुख भूमिकांत साबू (अबू हा चोर), जॉन जस्टिन (राजा अहमद), ज्यून ड्यूप्रे (बसऱ्याची राजकन्या), कॉनराड फाइट (वजीर जाफर), रेक्स इन्ग्रम (बाटलीतील जिन) आणि स्वतः मॅलसन (बसऱ्याचा सुलतान) हे होते. लांबी सु. १०६ मिनिटे. रंगीत छायालेखन, रंगीत कलादिग्दर्शन आणि युक्तिदृश्ये यांसाठी या चित्रपटास तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. रोझा यांच्या संगीताचीही त्यासाठी शिफारस झाली होती. तिन्ही पारितोषिके मुख्यतः दृश्यांगासाठी मिळावीत, ही गोष्ट बोलकी आहे. कथा, संवाद वा अभिनय यांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींमुळेच हा चित्रपट आठ दशकांहून अधिक काळ पाहिला गेला आहे.

चित्रीकरणास १९३९ मध्ये लंडननजीकच्या डेनम येथील स्टुडिओत प्रारंभ झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. काम थांबवून कोर्डा यांनी द लायन हॅज विंग्ज हा युद्धप्रचारपट हाती घेतला व पॉवेल यांना तिकडे गुंतविले. पुढे १९४० मध्ये उरलेले काम अमेरिकेत नेण्यात आले. त्यामुळे बसऱ्याचे बंदर इंग्लंडमधील, तर जिन ज्या दऱ्यांवरून अबूला नेतो त्या दऱ्या ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या, असा प्रकार झाला. सहा दिग्दर्शक, दोन खंड आणि मध्ये एक महायुद्ध अशा स्थितीत तयार झालेली कृती विस्कळित व्हावी, हेच अपेक्षित. कथानकाच्या बाबतीत ती तशी झालीही आहे. दृश्यांच्या बाबतीत मात्र ती एकाच मनातून उतरल्यासारखी वाटते. तसे का वाटते, हा या चित्रपटाच्या परीक्षणातील खरा प्रश्न होय.

कथानक थोडक्यात असे : बगदादचा तरुण राजा अहमद याला त्याचा वजीर जाफर कपटाने तुरुंगात टाकतो. तेथे त्याची अबू या पोरसवदा चोराशी मैत्री होते आणि दोघे पळून बसऱ्यास जातात. अहमद राजकन्येच्या प्रेमात पडतो. तिची अभिलाषा धरणारा जाफर आपल्या मंत्रविद्येने अहमदला आंधळा करतो आणि अबूचे कुत्रे बनवितो. शापमुक्ती, जहाजफूट, बाटलीतून निघालेला जिन, सर्वसाक्षी रत्नासाठी देवीच्या मूर्तीवर केलेली चढाई, उडता गालिचा अशा मार्गाने अबू शेवटी बगदादेत परततो व जाफरचा वध करून मित्राचे प्राण आणि राज्य वाचवितो.

यांतील बहुतेक सामग्री अरबी कथांमधील आहे. मराठी वाचकांना ती कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींमुळे दीर्घकाळ परिचित आहे. बाटलीतला जिन हा कोळ्याच्या कथेतला. यांत्रिक घोडा हा शिसवी घोड्याच्या कथेतला. गालिचा आणि दूरचे दाखविणारे साधन ही राजपुत्र अहमद व परी बानू यांच्या कथेत एकत्र येतात. पडद्यावरील थेट पूर्वज मात्र याच नावाचा १९२४ चा अमेरिकन मूकपट होय. डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) त्याचे निर्माते व नायक होते, राउल वॉल्श हे दिग्दर्शक आणि मेंझीझ हे नेपथ्यकार. त्यात चोर आणि प्रेमिक एकच. धट्टाकट्टा, उड्या मारणारा, छाती काढून हसणारा. कोर्डा यांच्या चित्रपटाने या एका नायकाचे दोन केले. प्रेम राजाकडे गेले आणि चोरी, भूक, खोड्या व साहस एका मुलाकडे आले. ही वाटणी वरवर साधी दिसते. चित्रपटाच्या दृश्यशक्तीचे मूळ मात्र तिच्यातच आहे.

प्रथम तंत्राचा विचार करू. तत्कालीन टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश लोलकाने विभागून तीन वेगवेगळ्या कृष्णधवल फितींवर नोंदविला जाई. एकीवर निळ्या, दुसरीवर हिरव्या आणि तिसरीवर तांबड्या घटकाची नोंद होई. युक्तिदृश्यांचे प्रमुख लॉरेन्स बटलर यांनी या व्यवस्थेचाच उपयोग करून घेतला. नटास निळ्या पडद्यासमोर उभे केले असता तो पडदा निळ्या नोंदीत उजळ आणि तांबड्या नोंदीत काळा उमटतो. या दोन नोंदींच्या संयोगातून नटाच्या आकृतीचे काळे आच्छादन मिळते. आकृतीबरोबर हलणाऱ्या या आच्छादनाच्या साह्याने तिला दुसऱ्या कोणत्याही दृश्यात बसविता येते. रंगीत चित्रपटात या पद्धतीचा इतका विस्तृत वापर याच चित्रपटात प्रथम झाला आणि पुढील कित्येक दशके युक्तिदृश्यांचा तो पाया राहिला. तिच्या जोडीला जुन्या युक्त्याही होत्या : लहान प्रतिकृती, तारांनी टांगलेली माणसे, आणि वॉल्टर पर्सी डे यांनी रंगवून खऱ्या दृश्यांना जोडलेले मनोरे, घुमट व आकाश.

आजच्या प्रेक्षकाला या युक्त्यांतील जोड सहज दिसतात. जिनाच्या केसांभोवती निळसर कडा थरथरते, गालिच्याच्या उड्डाणात मागची दरी आणि पुढचा मुलगा यांचा प्रकाश जुळत नाही, कोळी उघडउघड कळसूत्री आहे. नव्या अंकीय प्रतींत हे दोष झाकले न जाता अधिकच उठून दिसतात. ‘त्या काळच्या मानाने उत्तम’ असे म्हणून यावर पांघरूण घालण्याची प्रथा आहे. पण त्या प्रथेने काहीच उलगडत नाही. त्या काळच्या मानाने उत्तम असलेल्या कितीतरी युक्त्या आज केवळ अभ्यासकच पाहतात. हा चित्रपट मात्र मुलेही पाहतात. फसवणूक उघडकीस आल्यावरही जे मोहक वाटते, त्याचा मोह फसवणुकीत नव्हता, असेच म्हणावे लागते.

तो कशात आहे, हे पहिल्याच दृश्यात कळते. निळ्या समुद्रावरून तांबड्या शिडांचे जहाज बंदरात येते. त्याच्या नाळेवर एक मोठा डोळा रंगविलेला आहे. त्यानंतर जाफर दिसतो, तो फेट्याआडच्या दोन डोळ्यांनी. येथून शेवटपर्यंत हा चित्रपट पाहण्याविषयीच बोलतो. बसऱ्याच्या राजकन्येस कोणी पाहू नये म्हणून तिच्या मिरवणुकीपुढे धनुर्धारी घोडेस्वार धावतात आणि नगरजन घरांत दडतात. अहमद व अबू लपून पाहतात व तेथूनच सारे घडू लागते. राजकन्येस अहमद प्रथम दिसतो तो प्रत्यक्ष नव्हे, तर बागेतल्या जलाशयातील प्रतिबिंबात, आणि ती त्याला जिनच समजते. जाफरचे शस्त्र म्हणजे त्याची नजर. त्याने दिलेली शिक्षा म्हणजे अंधत्व. अबू ज्यासाठी प्राणांवर उदार होऊन मूर्ती चढतो ते रत्नही सर्व काही दाखविणारा नेत्रच आहे. शेवटी बाण जाफरच्या कपाळात, दोन डोळ्यांच्या मधोमध लागतो. मराठी प्रेक्षकास येथे प्रभातच्या अमृतमंथन (१९३४) या चित्रपटातील राजगुरूच्या डोळ्याचे ते पडदा व्यापणारे समीपदृश्य आठवल्याशिवाय राहणार नाही. दोहोंचा परस्परसंबंध दाखविता येत नाही. मात्र चित्रपट या माध्यमाची सत्ता नजरेत आहे, हे दोन्हीकडे सारख्याच नेमकेपणाने ओळखले गेले आहे.

आता पाहणारा कोण, हा प्रश्न येतो. अहमद व राजकन्या एकमेकांनाच पाहतात. जाफर हस्तगत करण्यासाठी पाहतो. सुलतान खेळण्यांचा संग्राहक, त्याला वस्तूंखेरीज काही दिसतच नाही आणि उडत्या घोड्यासाठी तो मुलगीही देऊ करतो. निव्वळ कुतूहलाने पाहतो तो एकटा अबू. म्हणूनच चित्रपटातील प्रत्येक मोठे अद्भुत दृश्य हे अबूच्या अंगाच्या मापाने मोजलेले आहे. किनाऱ्यावर त्याच्यावर उगारलेले जिनाचे पाऊल, मूर्तीच्या आतील कोळ्याचे जाळे व त्याखालचा जलाशय, मूर्तीचे कपाळ, दरीची खोली, या सर्व ठिकाणी चौकटीत कोठे तरी एक उघडा, सावळा, चपळ मुलगा असतोच. तो ज्याला भितो ते मोठे वाटते. तो ज्याला हसतो ते घरगुती वाटते. दोन हजार वर्षे कोंडून पडलेल्या जिनाकडे तो पहिला वर मागतो तो तळलेल्या सॉसेजांचा, कारण त्याला भूक लागलेली असते. अद्भुताच्या ऐन मध्यभागी ही भूक ठेवण्यात कोर्डा व मॅलसन यांची जी समज दिसते, ती निळ्या पडद्याहून कमी महत्त्वाची नाही. प्रेक्षक कडांचा थरकाप पाहत नाही. तो अबूचे तोंड पाहतो, आणि अबूचा विश्वास बसलेला असतो.

रंगांची योजनाही याच दृष्टीस धरून आहे. व्हिन्सेंट कोर्डा मूळचे चित्रकार. त्यांनी खऱ्या बगदादचा भास निर्माण करण्याचा प्रयत्नच केला नाही. निळे, गुलाबी व पांढरे रंग सपाट, मोठ्या पट्ट्यांत वापरले आहेत आणि त्यांवर पात्रांचे पोशाख पुस्तकातल्या रंगीत पानासारखे उठतात. सारेच रंगविलेले असल्यामुळे डे यांचे रंगविलेले मनोरे खोटे वाटत नाहीत. विस्मृतीचे निळे फूल, निळसर देहाची सहा हातांची रौप्यदासी, जाफरचे काळे वेष ही रंगांचीच पात्रे होत. सुलतानाला मिठीत घेऊन पाठीत खंजीर खुपसणाऱ्या या यांत्रिक दासीचे दृश्य चित्रपटातील सर्वांत भयप्रद म्हणावे लागेल. त्यात एकही मोठी युक्ती नाही; मेरी मॉरिस या अभिनेत्रीची संथ, कळसूत्री हालचाल आणि रोझा यांचे संगीत एवढ्यावर ते उभे आहे.

हीच कसोटी लावली असता चित्रपटाच्या उणिवाही स्पष्ट होतात. अबू चौकटीबाहेर गेला, की चित्रपट मंदावतो. अहमद व राजकन्या यांचे प्रसंग देखणे पण निर्जीव आहेत. जस्टिन व ड्यूप्रे यांचे संवाद काव्यमय होण्याच्या खटपटीत कृत्रिम होतात. आंधळ्या अहमदच्या निवेदनातून पूर्वकथा सांगण्याची रचना पहिल्या अर्ध्या भागास रेंगाळत ठेवते. रत्न फोडल्यावर अबू ज्या पुराणपुरुषांच्या तंबूंत पोहोचतो, तेथील सुवर्णयुगाविषयीचे बोलणे उपदेशाच्या जवळ जाते. माणसे बालपण विसरली म्हणून हे वृद्ध शिळा झाले होते, ही कल्पना सुंदर. ती उच्चारून दाखविण्याची गरज नव्हती. सुदैवाने अबू तेथूनही नेऊ नये ती वस्तू, म्हणजे गालिचा, चोरतो आणि चित्रपट पुन्हा आपल्या मार्गाला लागतो. खलनायकाचे पारडे मात्र आरंभापासून जड आहे. जर्मन मूकपटांत, विशेषतः द कॅबिनेट ऑफ डॉ. कालिगारी (१९२०) मध्ये, केवळ डोळ्यांनी व देहाच्या रेषेने अभिनय करण्याचे जे शिक्षण फाइट (१८९३–१९४३) यांना मिळाले, त्याचा पुरेपूर लाभ येथे झाला आहे. त्यांचा जाफर राजकन्येवर खरोखर प्रेम करतो, ही गोष्ट ते इतक्या दुःखी नजरेने सुचवितात, की काही काळ अहमदच उपरा वाटू लागतो.

एका गोष्टीकडे मात्र केवळ रसास्वादाच्या नावाखाली डोळेझाक करता येत नाही. इ. स. ७६२ मध्ये वसविलेले आणि विद्वत्तेचे केंद्र झालेले अब्बासी खलीफांचे बगदाद येथे घुमट, बाजार, दासी आणि जुलमी वजीर एवढ्यावर आले आहे. अरबी कथांमधील जाफर हा हारून अल्-रशीदचा सुजाण सोबती. ज्याच्यावरून तो घेतला तो बरमकी घराण्यातील वजीर ८०३ मध्ये खलीफाच्याच आज्ञेने मारला गेला. त्याच नावाचा कपटी जादूगार होणे हा इतिहासावर दुहेरी अन्याय आहे. भूमिकांची वाटणीही तशीच : राजा, राजकन्या व सुलतान हे इंग्रज नटांकडे, भुकेला चोर हा भारतीय मुलाकडे आणि गुलाम जिन हा कृष्णवर्णीय अमेरिकन नटाकडे. पूर्वेकडे पाहणारी ही नजर लंडनची आहे. कोर्डा यांनी सरहद्द प्रांताच्या पार्श्वभूमीवर काढलेला द ड्रम (१९३८), ज्यात साबूचीच भूमिका होती, साम्राज्याच्या गौरवामुळे मुंबईत निदर्शनांचा विषय झाला होता व तो मागे घ्यावा लागला होता, हे येथे ध्यानात घेणे इष्ट.

असे असूनही थीफ ऑफ बगदादला द ड्रमच्या पंक्तीत बसविणे चुकीचे ठरेल. म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा असलेल्या साबूला (१९२४–६३) एलिफंट बॉय (१९३७) या चित्रपटासाठी निवडण्यात आले होते. द ड्रममध्ये त्याला निष्ठावंत राजपुत्र व्हावे लागले. येथे तो कोणाशीही निष्ठावंत नाही, मित्राखेरीज. शेवटी अहमद त्याला शिकवून वजीर करण्याचे जाहीर करतो, तेव्हा हा मुलगा गालिच्यावर बसून उडून जातो. राज्यकर्त्यांनी देऊ केलेली सुधारणा नाकारणारे भारतीय पात्र १९४० सालच्या ब्रिटिश चित्रपटात असे हसत निघून जाते, हे कोणी हेतुपूर्वक योजिले असेल असे नाही; पण पडद्यावर ते दिसते. इन्ग्रम (१८९५–१९६९) यांचा जिनही तसाच. तिसरा वर पुरा होताच तो मित्रत्वाची भाषा न बोलता, मुक्त झाल्याच्या आनंदात गडगडाटी हसत अबूला दरीत एकटा सोडून जातो. गुलामाने मालकाचे आभार मानावेत ही अपेक्षा हा चित्रपट पुरी करीत नाही.

भारतात या कथेचे आकर्षण कोर्डा यांच्या आधीपासूनचे होते. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने (१९२७–२८) फेअरबँक्स यांच्या मूकपटाची त्या काळी येथे सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून नोंद केली आहे. त्यामागे निव्वळ परदेशी नवलाई नव्हती. दादासाहेब फाळके यांनी लंकादहन (१९१७) व कालिया मर्दन (१९१९) यांत चमत्कारदृश्यांची गोडी लावली होती, आणि पारशी रंगभूमीने अरबी-फारसी अद्भुतकथा घरोघर पोहोचविल्या होत्या. वाडिया बंधूंचा लाल-ए-यमन (१९३३), होमी वाडिया यांचे अलादीन और जादुई चिराग (१९५२) व हातिमताई (१९५६) हे चित्रपट याच धारेतील होत. त्यांचे युक्तिदृश्यकार बाबूभाई मिस्त्री यांच्याजवळ टेक्निकलरची साधने नव्हती; तरीही, उणी साधने घेऊन प्रेक्षकाच्या विश्वासाला हात घालण्याची त्यांची रीत कोर्डांच्या चित्रपटाच्या अगदी निकटची आहे.

पाश्चात्त्य चित्रपटांवरील प्रभाव विस्तृत आहे. मार्टिन स्कोर्सेसी आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला या अमेरिकन दिग्दर्शकांनी आपल्यावरील या चित्रपटाचा ठसा जाहीरपणे मान्य केला असून २००८ मध्ये निघालेल्या आवृत्तीसाठी समालोचनही केले. रोझा यांनी पुढे द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिनबाद (१९७३) या अद्भुतपटास संगीत दिले. सर्वांत उघड ऋण डिस्नी संस्थेच्या अलादीन (१९९२) या व्यंगपटाचे. दुष्ट वजीर जाफर, खेळण्यांत रमणारा भाबडा सुलतान, उडता गालिचा ही सामग्री त्याने येथूनच उचलली. चोर आणि प्रेमिक यांना मात्र तेथे पुन्हा फेअरबँक्स यांच्याप्रमाणे एकत्र करण्यात आले. अबू हे नाव उरले ते नायकाच्या खांद्यावरील माकडासाठी.